जिल्हा कौन्सिलातून कायदेमंडळात : डॉ. पंजाबराव देशमुख

शिक्षणप्रसाराचे कार्य केलेल्या थोर पुरुषांची आठवण काढताना आपल्या पुणे-सातारा भागात कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव प्रथम ओठांवर येते, आणि ते योग्यच आहे. विदर्भात तेच स्थान डॉ. पंजाबराव उर्फ भाऊसाहेब देशमुख यांना आहे. मुळशी तालुक्यातील विद्यार्थ्यांना त्यांचे नाव बहुधा वसतिगृह निर्वाह भत्त्याच्या अर्जावर भेटते, आणि शेतकऱ्याच्या मुलाला अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या नावात. त्यापलीकडे आपल्याकडे त्यांचा परिचय फारसा नाही. म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेसाठी त्यांचे चरित्र निवडले आहे.

निवडण्यास आणखी एक कारण आहे. त्यांच्या आयुष्यातील १९२८ ते १९३३ ही पाच वर्षे कोणत्याही शिक्षणसंस्थेने लक्षपूर्वक पाहावीत अशी आहेत. जिल्ह्यातील प्राथमिक शाळा चालविणाऱ्या मंडळाचा हा अध्यक्ष प्रांतिक कायदेमंडळाच्या निवडणुकीस उभा राहिला, निवडून आला, शिक्षणमंत्री झाला, आणि मंत्रिपद हाती असतानाच त्याने बहुजनांच्या मुलांसाठी स्वतंत्र शिक्षणसंस्था काढली. सरकारी शाळेत शिरून ती सुधारावी की वर्गणी जमवून आपली शाळा काढावी, हा वाद मुस्लिम समाजात सर सय्यद अहमद यांच्या काळापासून चालू आहे. पंजाबरावांनी या वादात कोणतीही एक बाजू न घेता दोन्ही कामे एकाच वेळी अंगावर घेतली.

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी झाला. घराण्याचे मूळ आडनाव कदम. देशमुखी वतनामुळे देशमुख हे नाव रूढ झाले. वडील शामराव शेतकरी होते आणि आई राधाबाई. गावच्या शाळेत वरचे वर्ग नव्हते, त्यामुळे मुलाला शिकण्यासाठी गावोगाव हिंडणे भाग पडले. पापळहून चांदूर रेल्वे, तेथून कारंजा लाड आणि शेवटी अमरावतीचे हिंदू हायस्कूल असा त्यांचा प्रवास झाला. ज्यांच्या वाडीत चौथीपुढे वर्ग नाही आणि ज्यांना पौडला किंवा पुण्याला नातेवाइकाकडे राहून शिकावे लागले, अशा आपल्या वाचकांना या फिरस्तीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

मॅट्रिक झाल्यावर ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात आले. पदवी पुरी होण्यापूर्वीच, १९२० साली, विलायतेस जाण्याचे त्यांनी ठरविले. त्यासाठी शामरावांनी शेतजमीन गहाण टाकली. कुणब्याने रान गहाण टाकणे ही लहान गोष्ट नव्हे. मुलीच्या लग्नासाठी किंवा बैलासाठी रान गहाण पडलेले सर्वांनी पाहिले होते, परंतु पोराच्या पुस्तकांसाठी ते सावकाराकडे जाणे त्या काळी विरळाच. पंजाबरावांनीही त्या कर्जाची लाज राखली. एडिंबरो विद्यापीठाची एम.ए., ऑक्सफर्डची डी.फिल. आणि बॅरिस्टरची सनद घेऊन ते १९२६ साली परतले. विशेष म्हणजे संस्कृत आणि वेदवाङ्मय हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास यांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३३ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने छापला. ज्या ग्रंथांच्या आधाराने त्यांच्या जातीला वेदाधिकार नाकारला जात होता, त्याच ग्रंथांचे ते पंडित झाले, आणि पुढे धर्माच्या नावाने त्यांना विरोध करणाऱ्यांची त्यामुळे मोठी अडचण झाली.

अमरावतीत त्यांनी वकिली सुरू केली, पण पहिल्या दीड-दोन वर्षांतच त्यांची ओळख वकील म्हणून कमी आणि सुधारक म्हणून अधिक झाली. बहुजनांच्या मुलांसाठी हायस्कूल आणि सर्व जातींची मुले एकत्र राहतील व एका पंगतीला जेवतील असे वसतिगृह, ही दोन कामे त्यांनी हाती घेतली. १९२७ साली अमरावतीचे अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून जी चळवळ झाली, तिच्या अग्रभागी ते होते. त्या वर्षी नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद अमरावतीस भरली होती. त्याच महिन्यात, २६ नोव्हेंबर १९२७ रोजी, पंजाबरावांनी मुंबईच्या विमल वैद्य यांच्याशी विवाह केला. विमलाबाई सोनार समाजातील. मराठा-कुणबी घराण्यातील उच्चशिक्षित मुलाने जातीबाहेर लग्न करावे, हे पुष्कळ नातेवाइकांना रुचले नाही. निवडणुकीच्या राजकारणात पाऊल टाकू पाहणाऱ्या माणसाने स्वतःच्या जातीला असे दुखवावे, याला व्यवहारी लोक शहाणपणा म्हणणार नाहीत. मतांचा हिशेब करून वागणारा हा माणूस नव्हता, एवढे त्यावरून कळते.

१९२८ साली ते अमरावती जिल्हा कौन्सिलाचे अध्यक्ष झाले. ही संस्था म्हणजे काय, हे थोडे सांगितले पाहिजे. आपल्या मुंबई इलाख्यात ज्याला जिल्हा लोकल बोर्ड म्हणत, त्याचाच मध्यप्रांत-वऱ्हाडातील भाऊबंद म्हणजे जिल्हा कौन्सिल. तेथे १९२० च्या स्थानिक स्वराज्याच्या कायद्याने या संस्थांना नवे रूप आले. आपल्याकडे १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे गेल्या, पुढे १९४७ च्या कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डे आली आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर तो कारभार त्यांच्याकडे आला. जुने शिक्षक शाळेला बोर्डाची शाळा म्हणत, ते यामुळेच. मास्तराची नेमणूक व बदली, शाळेची इमारत, नवी शाळा कोणत्या गावी काढायची हा निर्णय, रस्ते, दवाखाने आणि पाणवठे, ही सारी या संस्थांची कामे होती. उत्पन्न मात्र तुटपुंजे. जमीन महसुलावरील उपकर, काही किरकोळ कर आणि सरकारी अनुदान, एवढ्यावर सारा गाडा चाले.

अध्यक्षाच्या खुर्चीवर बसल्यावर पंजाबरावांनी ज्या दोन गोष्टी केल्या, त्या दोन्ही लोकांना अप्रिय होणाऱ्या होत्या. पहिली म्हणजे कौन्सिलाच्या ताब्यातील सार्वजनिक विहिरी त्यांनी अस्पृश्यांना खुल्या केल्या. विहीर जर सर्वांच्या कराच्या पैशाने बांधलेली असेल तर तिच्यावर सर्वांचा पोहरा पडला पाहिजे, हे साधे तत्त्व होते. कागदावरचा ठराव आणि गावातील विहिरीचा काठ यांत अंतर असते हे खरे, तरीही ठराव झाल्याने तक्रार करायला आधार मिळाला. मुसलमान वस्तीत पाणवठ्यावरून असा भेद नसे असे आपण अभिमानाने म्हणतो. त्या अभिमानाबरोबर हेही आठवावे की पुष्कळ गावांत आपण सवर्णांचीच रीत पाळत आलो होतो.

दुसरी गोष्ट करवाढीची. प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे असा पंजाबरावांचा आग्रह होता. सक्ती करायची तर शाळा हव्यात, शाळेला मास्तर हवा आणि मास्तराला दर महिन्याला पगार हवा. नुसत्या भाषणांनी मास्तराची चूल पेटत नाही. म्हणून त्यांनी शिक्षणाकरिता कर वाढविला. ज्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी हे चालले होते त्यांच्याच खिशाला प्रथम चाट बसली. लोकांनी आपल्याला निवडून द्यावे अशी इच्छा धरणारा पुढारी सहसा कर माफ करण्याचे वचन देतो. पंजाबराव कर वाढवून मग लोकांसमोर मत मागायला उभे राहिले. त्यांच्या चरित्रात याहून धाडसाची गोष्ट मला तरी दिसत नाही, विलायतेचा प्रवास धरूनसुद्धा.

वऱ्हाडातील जिल्हा कौन्सिलांच्या शाळांत मराठी शाळांबरोबर उर्दू शाळाही होत्या. अचलपूर, बाळापूर ही मुसलमानी अमदानीपासूनची नामांकित ठिकाणे आहेत. शिवाय वऱ्हाड हा कायद्याने निजामाचा मुलूख होता आणि १९०२ च्या कराराने इंग्रजांनी तो कायमच्या पट्ट्याने घेतला होता. त्यामुळे तेथील मुस्लिम वस्तीला उर्दू शाळा परकी नव्हती. आपल्या मुळशीकडे स्थिती निराळी. येथील मुलाणी, तांबोळी, अत्तार ही घरे गावगाड्यात मिसळलेली. त्यांची मुले बहुतेक मराठी शाळेतच पाटी घेऊन बसली. तरी दोन्हीकडील मुलांची शाळा एकाच प्रकारच्या तिजोरीवर चालत होती, आणि त्या तिजोरीची किल्ली जिल्ह्याच्या ठिकाणी नव्हती.

ही किल्ली कोठे आहे, हे अध्यक्षपदाच्या दोन वर्षांत पंजाबरावांना पुरते कळले असावे. कर किती वाढवता येईल याची मर्यादा कायद्याने ठरलेली, अनुदानाचा आकडा नागपूरला ठरणारा, आणि सक्तीच्या शिक्षणाची योजना मंजूर करणे प्रांत सरकारच्या मर्जीवर. जिल्ह्यातील मंडळ शाळा काढू शके, पण ती चालविण्याचे बळ वरून यावे लागे. १९३० साली मध्यप्रांत-वऱ्हाड कायदेमंडळाची निवडणूक आली तेव्हा ते उभे राहिले.

ते वर्ष साधे नव्हते. मार्च-एप्रिलात महात्मा गांधींची दांडीयात्रा झाली होती आणि मे महिन्यात त्यांना अटक होऊन येरवड्यास ठेवले होते. वऱ्हाडात दहीहंड्याला खाऱ्या पाण्याच्या विहिरींवर मीठ तयार करण्यात आले, तर जुलैत लोकनायक अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला. काँग्रेसने कायदेमंडळांवर बहिष्कार टाकला होता. अशा वेळी निवडणुकीस उभे राहणे म्हणजे सरकारधार्जिणेपणाचा आरोप ओढवून घेणे होते, आणि तो आरोप वऱ्हाडातील ब्राह्मणेतर पुढाऱ्यांवर झालाही. या प्रश्नाकडे आज पाहताना एकाच बाजूने निकाल देणे बरे नव्हे. तुरुंगात जाणाऱ्यांचा त्याग मोठा होता. पण मधल्या काळात जिल्ह्यातील शाळांचे पगार थांबवून चालणार नव्हते, आणि रिकाम्या सोडलेल्या खुर्च्यांवर सरकारची माणसे बसणार हेही उघड होते. पंजाबरावांनी शाळेची बाजू धरली. मला त्यांचा निर्णय पटतो.

त्या निवडणुकीचा एक प्रकार आपल्या वाचकांनी ध्यानात घेण्यासारखा आहे. १९१९ च्या सुधारणा कायद्याप्रमाणे मतदानाचा हक्क सारा भरणाऱ्या व मालमत्ता असणाऱ्या थोड्याच लोकांना होता, आणि मुसलमानांचे मतदारसंघ स्वतंत्र होते. म्हणजे पंजाबराव ज्या मतदारांपुढे उभे राहिले त्यांत अमरावती जिल्ह्यातील एकही मुसलमान नव्हता. जिल्ह्यातील उर्दू शाळा ज्यांच्या कारभाराखाली दोन वर्षे चालल्या, त्यांना निवडण्याचा किंवा पाडण्याचा अधिकार त्या शाळांतील मुलांच्या बापांना नव्हता. स्वतंत्र मतदारसंघाने आपल्या काही पुढाऱ्यांना हमखास जागा दिल्या हे खरे. पण बाकीच्या सर्व उमेदवारांना आपल्या मोहल्ल्यात येण्याची गरजच उरू दिली नाही, हा त्याचा दुसरा परिणाम. आणखी एक गंमत म्हणजे वऱ्हाड ब्रिटिश मुलूख नसल्याने तेथून निवडून आलेल्या सभासदांची पुढे सरकारने औपचारिक नेमणूक करावी लागे.

पंजाबराव निवडून आले आणि मंत्रीही झाले. शिक्षण आणि शेती ही खाती त्यांच्याकडे आली. वय अवघे बत्तीस. परंतु जिल्हा कौन्सिलात जी अडचण होती तीच येथे मोठ्या आकारात पुढे उभी राहिली. त्या राज्यपद्धतीला द्विदल राज्यपद्धती म्हणत. शिक्षण, आरोग्य, शेती यांसारखी खाती लोकांनी निवडलेल्या मंत्र्यांकडे सोपविलेली, तर खजिना, महसूल आणि पोलीस ही खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाने राखून ठेवलेली. लोकांना उत्तर देणारा एक आणि पैसे देणारा दुसरा. त्यातच जगभर मंदी आली, कापसाचे भाव कोसळले आणि वऱ्हाडचा शेतकरी कर्जात बुडाला. जो कर अमरावतीत त्यांनी शाळांसाठी वाढविला होता तो भरण्याचीच ताकद लोकांत उरली नाही. या काळात त्यांचे लक्ष शाळेबरोबर शेतकऱ्याच्या कर्जाकडे वळले ते उगाच नव्हे. मध्यप्रांतात १९३३ साली जो कर्ज-समेटाचा कायदा झाला त्याचे श्रेय विदर्भात त्यांना दिले जाते.

मंत्रिपदावर असतानाच, १९३२ साली, अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना झाली. शिक्षणमंत्र्याने खाजगी शिक्षणसंस्था काढावी याचे नवल वाटेल. माझ्या समजुतीप्रमाणे त्यात विसंगती नाही. चार वर्षांत त्यांनी जिल्ह्याची तिजोरी पाहिली, प्रांताची तिजोरीही पाहिली, आणि दोन्ही ठिकाणी शिक्षणाचा क्रमांक शेवटचा लागतो हे अनुभवले. मंत्रिपद आज आहे, उद्या नाही. शाळा राहिली पाहिजे.

त्याच वर्षी त्यांनी कायदेमंडळात हिंदू देवस्थानांच्या संपत्तीविषयीचे विधेयक मांडले. देवळांकडे साचलेल्या धनाचा हिशेब राहावा आणि त्याचा उपयोग लोकांच्या हिताच्या, विशेषतः शिक्षणाच्या, कामी व्हावा ही त्यामागील कल्पना. सनातनी मंडळींनी त्याला कडाडून विरोध केला. आपल्याकडे वक्फच्या मिळकतींचा हिशेब मुतवल्लींनी न्यायालयात सादर करावा असा कायदा त्यापूर्वीच, १९२३ साली, झाला होता. तो किती ठिकाणी पाळला गेला आणि वक्फच्या जमिनींतून किती मदरसे व शाळा उभ्या राहिल्या, याचा विचार प्रत्येक जमातीने आपापल्या गावापुरता करावा. देवस्थानाचा पुजारी आणि दर्ग्याचा मुजावर यांचा या बाबतीतला स्वभाव फार वेगळा नसतो.

१९३३ साली पंजाबराव मंत्रिपदावरून बाहेर पडले. पुढील वर्षे संस्थेच्या उभारणीत गेली. १९४६ साली अमरावतीचे शिवाजी महाविद्यालय निघाले. त्याच वर्षी ते घटना समितीवर निवडून गेले आणि मागासलेल्या वर्गांना नोकऱ्यांत व शिक्षणात वाटा मिळावा म्हणून तेथे सतत बोलत राहिले. इतर मागासवर्गीयांचा प्रश्न दिल्लीत मांडणाऱ्या पहिल्या पुढाऱ्यांत त्यांची गणना होते.

त्यांच्या चरित्रातील एक गोष्ट मात्र आपल्याला खुपते आणि ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाच्या कलमावर चर्चा चालू असता त्यांनी एक दुरुस्ती सुचविली. हिंदू किंवा शीख असलेल्या आणि दुसऱ्या देशाचे नागरिक नसलेल्या प्रत्येकाला, तो जगात कोठेही राहत असला तरी, भारताचे नागरिकत्व मिळावे असा तिचा आशय होता. फाळणीचे घाव ताजे होते, निर्वासितांचे लोंढे येत होते, हे सारे लक्षात घेतले तरी ज्याने विहिरीच्या काठावर जात पाहिली नाही त्याने नागरिकत्वाच्या दारात धर्म पाहावा, हे मनाला लागते. समितीने ती दुरुस्ती स्वीकारली नाही. धर्माची अट नसलेली कलमेच घटनेत राहिली आणि आपण सर्व त्यांच्या आधारे या देशाचे समान नागरिक झालो. थोर माणसाचे ऋण मानावे, त्याचे सर्वच म्हणणे मानण्याचे बंधन नाही.

१९५२, १९५७ आणि १९६२ अशा तीन निवडणुकांत ते लोकसभेवर गेले. केंद्रात शेतीखात्याचे मंत्री म्हणून त्यांनी दहा वर्षे काम केले. १९५५ साली भारत कृषक समाज स्थापन केला आणि १९५९-६० मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरविले. आपल्या मुळशीच्या दृष्टीने त्यांचे एक काम जवळचे आहे, ते म्हणजे जपानी पद्धतीच्या भातशेतीचा प्रसार. ही मोहीम १९५३ च्या सुमारास देशभर सुरू झाली. निवडक बी, गादीवाफ्यावर रोपे, दोरी धरून ठराविक अंतरावर लावणी, खताचा मापात वापर आणि ओळींतून कोळपणी, असा तो प्रकार. आंबेमोहोर पिकविणाऱ्या आणि पावसाच्या धारेत गुडघाभर चिखलात आवणी करणाऱ्या मावळपट्ट्यातील शेतकऱ्याला दोरीची लावणी सुरुवातीला पोरखेळ वाटणे साहजिक होते. वऱ्हाडच्या काळ्या कापसाच्या रानात वाढलेल्या माणसाने भाताच्या खाचराची एवढी काळजी करावी, याचे कौतुक वाटते.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले. १९६९ साली अकोल्यास कृषी विद्यापीठ स्थापन होऊन त्याला त्यांचे नाव देण्यात आले. शिवाजी शिक्षण संस्थेने १९८४ साली अमरावतीत त्यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालकांतून व निम्म्या स्त्रिया घ्याव्या लागतात. पंजाबरावांच्या वेळी जिल्ह्याच्या मंडळावरही शेतकऱ्याला शिरकाव मिळविण्यास निवडणूक लढवावी लागे. आता गावातील शाळेच्या बैठकीला नुसते हजर राहिले तरी नाव लागू शकते. आपल्या वाड्यावस्त्यांतील किती मुस्लिम आयाबाया या समित्यांवर आहेत याची नोंद संस्थेने करून ठेवण्यासारखी आहे.

विमलाबाईंविषयी एक वाक्य राहून गेले. लग्नानंतर त्यांनी आपले शिक्षण पुढे नेऊन कायद्याची पदवी घेतली, आणि पतीच्या निधनानंतर १९६७ ते १९७२ या काळात त्या राज्यसभेच्या सभासद होत्या.